रात्री चालणारं मशीन

एम. टेक.च्या शेवटच्या वर्षाला प्रोग्रामिंग लँग्वेजेस हा विषय मी हट्टाने घेतला. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि वर्गात मी एकटी मुलगी होते. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्याकडे बघून सांगितलं, की हा विषय जड आहे, अजून बदलता येईल. बाकी कोणाकडे बघून त्यांनी ते सांगितलं नाही.

फळ्यावर आम्ही अल्गोल शिकलो, लिस्प शिकलो, पास्कल शिकलो. यांतली एकही भाषा कॉलेजच्या कॉम्प्युटरला येत नव्हती. त्याला फक्त फोरट्रान यायची. गॅस न पेटवता स्वयंपाक शिकवावा, तसला प्रकार. मग सर स्वतःच मशीन व्हायचे. फळ्यावर चौकोन काढायचे, त्यात आकडे लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे आणि हात झटकून म्हणायचे, "आलं उत्तर!" मला तो तास फार आवडायचा. इतका आवडायचा, की आज त्याचाच राग येतो.

विषयाचे निम्मे मार्क एका कामाला होते. प्रत्येकाने स्वतःची एक छोटी भाषा तयार करायची आणि ती मशीनला समजावी म्हणून फोरट्रानमध्ये तिचा दुभाषा, म्हणजे ती उलगडून चालवणारा प्रोग्राम, लिहायचा. तो नुसता कागदावर चालणार नव्हता, तोंडी परीक्षेत त्याचं आउटपुट दाखवायचं होतं. डिपार्टमेंटमध्ये लेक्चररची एक जागा रिकामी होती आणि आमच्यात जो पहिला येईल त्याला ती मिळणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. मला ती जागा हवी होती. घरी सगळे म्हणायचे, पोरगी हौसेपायी शिकते आहे. हौस नव्हती. त्या फळ्यापुढे मला उभं राहायचं होतं.

कॉम्प्युटर रूममध्ये चपला बाहेर काढून जायचं. दिवसभर मशीनवर परीक्षांच्या निकालाचं काम चाले. विद्यार्थ्यांची पाळी रात्री नऊनंतर, आणि मुलींनी सहानंतर तिथे थांबायचं नाही हा नियम. तो नसता तरी काही फरक पडला नसता. बाबा एका ऑफिसात हेडक्लार्क होते आणि अ‍ॅडमिशनच्या वेळीच त्यांनी मला बजावलं होतं, "दिवे लागाच्या आत घरात पाहिजे. मले लोकाइचं तोंड बंद करता येत नाही, बाई."

तर मी काय करायची? प्रोग्रामची एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून पंच करायची, संध्याकाळी त्या कार्डांचा ट्रे खिडकीत ठेवायचा आणि सायकल मारत धंतोलीला घरी यायचं. सकाळी त्याच खिडकीत प्रिंटआउट मिळायचा. एका कार्डावर स्वल्पविराम सुटला, की चूक दाखवणारी एकच ओळ छापून यायची आणि दिवस पाण्यात. मुलं मात्र रात्रभर आत बसायची. चुकलेलं कार्ड काढलं, नवं पंच केलं, पुन्हा चालवलं. माझा महिना म्हणजे त्यांची एक रात्र. तरी आम्ही सगळे एकाच वर्गात होतो म्हणे.

त्यात मी एक घोळ केला. माझ्या भाषेत कंसात कंस लिहिता येत होते. आतला कंस सोडवताना तेच काम पुन्हा स्वतःलाच सांगावं लागतं. सरांनी हे फळ्यावर इतकं सुंदर शिकवलं होतं, की मी तसंच्या तसं फोरट्रानमध्ये उतरवलं. एका भागाने दुसऱ्याला हाक मारायची, दुसऱ्याने परत पहिल्याला. पण आमच्या फोरट्रानला परत कुठे जायचं याची एकच जागा लक्षात राहायची. नवी आली की जुनी गेली. बिचारं मशीन घाण्याच्या बैलासारखं फिरत राहिलं आणि ऑपरेटरने ते बंद केलं. सकाळी हातात आलं ते एवढंच, की वेळ संपली. काय चुकलं ते सापडायला कितीतरी सकाळी गेल्या. शेवटी परतीच्या जागा मीच एका रांगेत जपून ठेवायच्या, अशी युक्ती काढली आणि निम्मा प्रोग्राम नव्याने लिहिला. ती युक्ती सरांनी शिकवलेली नव्हती.

तोवर तोंडी परीक्षा तोंडावर आली. वर्गातला एक मुलगा कामठीहून यायचा. शेवटची बस चुकली की तो कॉम्प्युटर रूमच्या व्हरांड्यातच झोपायचा. तो म्हणाला, "तुझा ट्रे दे माझ्यापाशी. मी तसाही तिथंच राहतो ना." मी दिला. दोन-तीन रात्रींनी त्याने प्रिंटआउट आणून दिला. "पंचिंगच्या चुका होत्या, त्या काढल्या. बाकी काही हात नाही लावला," म्हणाला. कंसातले कंस, सगळी उत्तरं बरोबर! मी कॉलेजच्या फाटकापाशी सायकल धरून एकटीच हसत उभी होते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. माझा प्रिंटआउट त्यांनी उघडला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत त्या मुलाचा रोल नंबर होता, कारण रात्रीचं काम त्याच्या नावावर चाललेलं. उत्तरं बघण्याच्या नादात माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मी फळ्यावर सगळं सांगितलं, परतीच्या जागांची युक्तीसुद्धा. परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मशीनवर तो बसला होता. ही बसली नाही." आमच्या डिपार्टमेंटमध्ये जो मशीनवर बसला त्याचं काम, असाच हिशेब होता.

त्या मुलाला आत बोलावलं. "मी फक्त चुका काढल्या, सर," तो म्हणाला.

"म्हणजे डिबगिंग तुझं," परीक्षक म्हणाले. "खरं काम तर तेच असतं."

यावर तो काहीच बोलला नाही. खोटंही बोलला नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी धड भांडताही आलं नाही. मला थिअरीचे मार्क मिळाले. त्याला त्याच्या कामाचे मिळाले आणि माझ्यातलेही थोडे. तो पहिला आला, मी दुसरी. पुढच्या सत्रात तो फळ्यापुढे उभा राहिला आणि मी एका बँकेत चिकटले.

निकालाच्या दिवशी घरी सगळं सांगितलं. बाबा पेपर बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते. मग खऱ्याखुऱ्या हळहळीने म्हणाले, "मंग थांबाचं होतं ना तिथं एखाद्या रात्री. काहून नाही थांबली वं? मी काय जीव घेतला असता तुझा?"

त्यांना स्वतःची अट आठवतसुद्धा नव्हती. आतमध्ये आईचं लाटणं थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. मी म्हणाले, "हो, माझंच चुकलं," आणि पानं घ्यायला उठले. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं बाकी सगळं मी माफ केलं आहे. तो प्रश्न नाही केला.