टोचलं की कळतं

पहूरच्या शाळेत दर जूनमध्ये आठवीच्या वर्गावर एक कुंडी यायची. कुंडीत लाजाळूचं रोप. विज्ञानाच्या सुगंधाबाई पाटील ती स्वतः कडेवर घेऊन यायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "सांगा, हे सजीव की निर्जीव?" पोरं एका सुरात सजीव म्हणायची. "कशावरून?" म्हटलं की त्याच पोरांची दातखीळ बसायची. मग बाई एकेकाला पुढं बोलवायच्या. पोरगं बोट लावायचं, पानं मिटायची, वर्ग खिदळायचा, आणि बाई फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या, चेतनाक्षमता. "शब्दाला घाबरू नका रे," त्या म्हणायच्या. "टोचलं की कळतं, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला टोचलेलं कळतं तो जिवंत."

अठ्ठ्याऐंशी सालच्या जूनमध्ये मात्र कुंडी आली नाही. सजीवांची लक्षणं बाईंनी "घरी वाचून घ्या" म्हणून उरकली आणि त्या थेट पुढच्या धड्यावर गेल्या. पोरांना काय, तेवढाच अभ्यास कमी झाला. बाईंनी उकाड्यातही कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं, याकडे कोण लक्ष देणार?

झालं होतं असं. मे महिन्यात अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचं काम निघालं होतं. ज्वारीच्या घाट्याचं भलंमोठं पातेलं चुलीवर रटरटत होतं. सुगंधाबाई घाटा ढवळत होत्या आणि त्यांची जाऊ लताबाई खाटेवर फडकं पसरून बिबडे थापत होती. थापता थापता लताबाईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "अवं ताई, हात भाजू राह्यला ना तुमचा."

सुगंधाबाईंनी खाली पाहिलं. त्यांचा डावा दंड पातेल्याच्या काठाला टेकला होता. कातडी पांढरी पडली होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी हात मागं घेतला आणि आता ओरडायला हवं हे सुचल्यावर त्या ओरडल्या.

भाजलं होतं ते नेमकं एका फिकट चट्ट्यावर. चट्टा रुपयाएवढा, दोन वर्षांपासूनचा. त्याला त्या उन्हाचं शिबं म्हणत आल्या होत्या, म्हणजे स्वतःलाच सांगत आल्या होत्या. त्या दुपारी दार लावून त्यांनी शिवणाची सुई घेतली आणि चट्ट्यावर टोचली. काही नाही. बाजूला टोचली तर झिणझिण्या आल्या. परत चट्ट्यावर, जरा जोरात. रक्ताचा थेंब आला, पण तो दुसऱ्याच कोणाचा असावा तसा आला. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

या भीतीची आणि त्यांची ओळख जुनी होती. दोंडाईच्यात त्यांचे वडील, कौतिक पाटील, मिरचीच्या वखारीत तोलाईचं काम करायचे. सुगंधा शाळेत जायला लागली तेव्हा त्यांच्या बोटांना नेहमी चिंध्या बांधलेल्या असत. ती त्यांच्याच गोधडीत झोपायची. एका सकाळी गोधडी होती, वडील नव्हते. आई झुंबरबाई चुलीपुढं बसून म्हणाली, "तुना बाप काशीले गया. कोनले सांगू नको." काशीला जाण्यात लपवण्यासारखं काय, हे सुगंधाला कळलं नाही. नळावरच्या बायकांनी ते लवकरच कळवलं. महारोग हा शब्द तिनं प्रथम तिथं ऐकला, आणि भरलेली कळशी तशीच टाकून ती घरी पळाली.

पुढं धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात तिनं हट्टानं जीवशास्त्र घेतलं. लोकांना वाटलं, पोरीला झाडाझुडपांची आवड. खरं कारण तिनं कोणाला सांगितलं नाही. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक झाड काढलं. बुंधा जीवशास्त्राचा. एक फांदी वनस्पतीशास्त्र, एक प्राणिशास्त्र, मग पेशी, मग सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी. वर्ग ते चित्र उतरवून घेत होता आणि सुगंधा एकच गोष्ट शोधत होती, बाबांचा रोग यातल्या कोणत्या फांदीवर बसतो? आनुवंशिकीच्या फांदीवर असेल तर तो तिच्या रक्तात आहे आणि पोटच्या पोरांत उतरणार. सूक्ष्मजीवांच्या फांदीवर असेल तर ती त्याच गोधडीत झोपत होती. पुस्तकानं छातीठोकपणे सांगितलं की रोग जंतूचा, रक्ताचा नव्हे. परीक्षेत तिनं तसं लिहून मार्कही मिळवले. भीती काही कमी झाली नाही. भीतीनं फक्त फांदी बदलली.

आणि लग्न होऊन आली ती नेमकी तोताराम आबांच्या घरात. आबा म्हणजे सासरे. केळीतला त्यांचा शब्द पंचक्रोशीत शेवटचा. लागवडीच्या आधी ते स्वतः बांधावर बसून एकेक कंद कोयत्यानं तासायचे. आत लाल-काळा डाग दिसला की कंद नाल्यात. उभ्या बागेत एखादं खोड रोगट दिसलं तर नुसतं खोड काढून त्यांचं समाधान व्हायचं नाही. बुडाशी फुटलेली पिलंसुद्धा, कितीही हिरवीगार असोत, मुळासकट उपटायची. थोरला मुलगा जीवराम, म्हणजे सुगंधाबाईंचा नवरा, एकदा म्हणाला, "आबा, पिलं तं चांगले दिसू राह्यले." आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "कंद सडेल असला तं पिलं बी त्याचेच. बठ्ठं बेट उपटा," ते म्हणाले.

जीवराम माणूस सरळ, पण आबांपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. आबा तसे वाईट नव्हते हो. सुनेला नोकरी करू देणारे गावातले ते पहिलेच सासरे. घरातली कामं उरकून मास्तरीण शाळेत निघाली की ओट्यावरून म्हणायचे, "जाय माय, उशीर झाला." त्यांची खोड एकच, उन्हातान्हातही पायात कॅनव्हासचे बूट. गाव त्यांना मागून साहेब म्हणायचं. सणाला कोणी पाया पडायला वाकलं तर "असू दे, असू दे" करत पाय मागं घ्यायचे. सगळे म्हणायचे, केवढा निगर्वी माणूस.

पण सुगंधाबाई रोज भाकरी थापताना मनात तेच बघायच्या. आबा कोयता घेऊन उभे आहेत, एका हातानं त्यांना उपटताहेत आणि दुसऱ्या हातानं सातवीतल्या वैशालीला. वैशाली त्यांची एकुलती एक. या चट्ट्याचं नाव घरात उच्चारलं गेलं की आपल्याला दोंडाईच्याला जावं लागणार, ते एक वेळ सोसू. पोरीचं काय? तिला कोण घरात घेणार?

एका रविवारी त्यांनी पोरीला समोर बसवलं. "डोळे मिट. कुठं टोचलं ते सांग. खेळ आहे." वैशाली हसत बसली. सुई हातावर, पोटरीवर, पाठीवर फिरली. प्रत्येक वेळी पोरगी "आई गं, इथं" म्हणायची आणि प्रत्येक "आई गं"ला आईचा अडकलेला श्वास सुटायचा. शेवटी पोरगी रडकुंडीला आली. "हा कसला खेळ?" ती म्हणाली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

मग त्या धुळ्याला गेल्या. जळगावात ओळखीचे फार, म्हणून धुळं. घरी सांगितलं, पेपर तपासायला बोलावलंय. देवपुरात एका गल्लीत धर्मादाय दवाखाना होता. बाहेर पाटीवर रोगाचं नाव होतं, म्हणून त्या तोंडावर पदर ओढून दोनदा पुढं निघून गेल्या आणि परत आल्या. आत डॉक्टर आबेदा होत्या, त्यांच्याच वयाच्या. त्यांनी डोळे मिटायला सांगून दंडावर कापूस फिरवला, मग गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावल्या. सुगंधाबाई चट्ट्यावरच्या दोन्ही नळ्यांना एकच म्हणाल्या.

"एकच चट्टा आहे. लवकर आलात, बऱ्या होणार," आबेदाबाई म्हणाल्या.

"हे माझ्या वडिलांकडून आलंय. पोरीत उतरेल का?"

"शिकवता काय तुम्ही शाळेत?" कागदावरचं 'शिक्षिका' वाचत आबेदाबाईंनी विचारलं.

"जीवशास्त्र शिकवते."

"मग?"

"मग काय. पुस्तक पुस्तकाच्या जागी," सुगंधाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं.

आबेदाबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "लहानपणी लागलेला इतक्या वर्षांनी दिसणं अशक्य नाही, पण कमी. आता ज्या घरात राहता तिथं बघितलंत का कोणाला? औषध न घेतलेल्या माणसाच्या सहवासात वर्षानुवर्षं राहिलं की लागतो."

आमच्या घरात? तोताराम आबांच्या घरात? सुगंधाबाईंना त्या अवस्थेतही हसू येणार होतं.

औषध सुरू झालं. पहिल्याच गोळीनं लघवी लालभडक झाली आणि दवाखान्यानं आधी सांगितलेलं असूनही बाई घामाघूम झाल्या. रोजच्या गोळ्या त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवल्या, बरणीतल्या सापाच्या मागं. तिकडे हात घालायची कोणाची छाती नव्हती. घरी कोणी नुसतं "मास्तरीण" म्हणून हाक मारली तरी त्या दचकायच्या. आबा समोर आले की हात आपोआप बाहीकडे जायचा. अशी दिवाळी गेली.

दिवाळीनंतर एका सुटीच्या दिवशी त्या आबांची भाकरी घेऊन मळ्यात गेल्या. आबा बागेला पाणी भरत होते. बूट भिजले म्हणून बांधावर वाळत घातले होते. त्यांनी बारं मोडलं, पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं आणि बाभळीखालून चालत आले, सावकाश, नेहमीसारखे. धुळीत त्यांच्या मागं एका पावलाचे लाल ठसे उमटत होते.

"आबा, पायात काटा आहे," सुगंधाबाई म्हणाल्या.

"कोनता काटा?" आबांनी पाय वळवून पाहिला. बाभळीचा काटा तळव्यात पार बुडाला होता. क्षणभर ते नुसते बघत राहिले. मग "आई गं" म्हणून ओरडले.

ती ओरड सुगंधाबाईंनी ओळखली. पातेल्याशी त्या तशाच ओरडल्या होत्या, उशिरा, सुचल्यावर.

 बूट, मागं घेतलेले पाय, निगर्वीपणा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आधी राग आला, असा की भाकरी तिथंच टाकून निघून जावं. रागाच्या मागोमाग भीती आली. गप्प राहिलं तर आपण सुटलो. थोडं औषध उरलंय, कोणाला काही कळणार नाही. बोललं तर आबा विचारणार, तुला कसं कळलं? आणि आबांच्या शेजारी, तासलेल्या कंदांच्या ढिगावर, कोयता पडला होता.

त्या खाली बसल्या. काटा चिमटीत धरून ओढला. आबांचा पाय हललासुद्धा नाही.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

आबांचं तोंड राखेसारखं झालं. पाणी पाटातून वाहत होतं, तिकडे बघत ते म्हणाले, "कोनाले सांगू नको, माय."

आईचे शब्द. सुगंधाबाईंना एकदम समोर सासरा दिसेना, गोधडीतले बाबा दिसायला लागले.

"तू आली त्याच्या आंधीपासून हाये," आबा हळूच म्हणाले. "बेटं उपटतो ना मी, तव्हा मले वाटतं, घरच्यायनं ओळखलं तं मले बी असंच उपटतीन. मंग मी अजून जोरानं उपटतो. लय भेव वाटते, माय. झोप लागत नही."

या माणसाला आपण इतकी वर्षं भ्यालो. सुगंधाबाईंनी पोलक्याची बाही वर सरकवली. चट्टा आता पुसट झाला होता, भाजल्याची खूण तेवढी राहिली होती. बाभळीचा एक ताजा काटा तोडून त्यांनी आबांच्या हातात दिला.  "मलाही झालाय आबा. देवपूरला औषध चालू आहे. टोचा इथं," त्या म्हणाल्या.

आबा त्या दंडाकडे बघतच राहिले. आता कोयता उचलतात की काय, असं बाईंना अजूनही वाटत होतं. मग आबांनी अगदी भीत भीत काटा टेकवला आणि दाबला.

बारीक, पण खरीखुरी कळ दंडातून गेली. "दुखलं," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आबा, दुखलं मला."

"लय?"

"लय."

 आबांनी काटा परत बाईंच्या हातात दिला, दुसरा पाय पुढं केला आणि लहान पोरासारखे डोळे घट्ट मिटले. "मले बी टोच," ते म्हणाले. "ह्यो पाय अजून बरा असीन."

सुगंधाबाई वाकल्या. पाटातलं पाणी पार टोकाच्या केळीपर्यंत जाऊन पोचलं.

"टोच ना, माय," आबा डोळे न उघडता म्हणाले. "कव्हाची वाट पाहू राह्यलो मी."

काटा त्यांच्या त्याही तळव्यात केव्हाचा रुतला होता.