शाकाहारी गळ

आमच्या घरात मासा फक्त पंचांगात होता, मीन राशीच्या चित्रात. अप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, आईच्या गळ्यात तुळशीची माळ. थोरला भाऊ अण्णा, त्याच्या गळ्यात माळ नव्हती, पण पाठीवर सदैव आईची नजर होती, त्यामुळे परिणाम तोच. अशा घराला एकदा सगळ्यांनी मिळून गळ तयार करावा लागला, त्याची ही हकीगत.

लढाईचे दिवस होते. मी हैदराबादहून नुकताच बी.ए. होऊन आलो होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सही केली नव्हती (अंगठे मात्र पुष्कळ, आणि सगळे ठसठशीत!). गावाने मारुतीच्या पारावर माझा सत्कार करून साखळीसकट खिशातलं घड्याळ दिलं होतं. आता हवी होती नोकरी. आमच्याच कमठाण्याच्या शाळेत मास्तरांची जागा रिकामी होती, आणि ती भरणं ज्यांच्या हाती होतं ते मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याच्या शाळाखात्याचे वरिष्ठ, बिदरला राहत. डोक्यावर पेरूची टोपली घेऊन अप्पा मला त्यांच्या बंगल्यावर घेऊन निघाले. वाटेत त्यांनी मला एकच धडा दिला.

"हाकिमानं काय बी इचारू दे, 'जी हुजूर' म्हणायचं. हाकिमाला न्हाई म्हणलं की आपलं काम बी न्हाई झालं समज."

साहेब व्हरांड्यात बसले होते. मांडीवर मासेमारीची विलायती काठी, हातात रिकामी डबी, आणि चेहरा सुतकी. लढाईमुळे विलायतेचा माल बंद झाला होता, आणि त्यांच्याजवळचा शेवटचा 'चमचा' मांजरा नदीतल्या एका मरळ जातीच्या मासळीने तोडून नेला होता. चमचा म्हणजे चकाकणारं धातूचं पान. ते दोरीला बांधून पाण्यातून ओढलं की गरगर फिरतं, मोठ्या माशाला वाटतं लहान मासा पळतोय, आणि तो झडप घालतो. पानाच्या शेपटीला गळ असतो!

"मियाँ, बी.ए. हो?" साहेबांनी विचारलं.

"जी हुजूर," अप्पा म्हणाले. (बी.ए. मी होतो.)

"चमचे का शिकार मालूम है?"

"किताब में पढ़ा हूँ, जनाब," मी म्हणालो. हे खरं होतं. इंग्रजी सुधारावं म्हणून कॉलेजच्या वाचनालयात जे हाती लागेल ते मी वाचत असे, आणि हाती नेमकं मासेमारीचं पुस्तक लागलं होतं.

साहेब ताडकन उठले. "पढ़ा है? तो बना भी लेते हुइंगे!"

"जी हुजूर!" अप्पा.

"घर में सब सामान है?"

"जी हुजूर!"

मी अप्पांचा सदरा मागून जोरात ओढला. शिवण उसवली, पण अप्पा थांबले नाहीत.

"बस! जुमे को कमठाने के तालाब पे आतूं. काठी मेरी, चमचा तुम्हारा. नौकरी की बात वहींच करेंगे."

"जी हुजूर!" अप्पांनी पेरू ठेवले आणि प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत मी मागून निघालो.

घरी आईने सगळं ऐकलं आणि पोळपाटावरून हात काढला. "ह्या घरात गळ? त्यापरीस तू नांगर धर की!"

"आई, ह्याला किडा लागत नाही, गांडूळ लागत नाही. नुसतं पितळ असतंय."

आईने विचार केला. "मंग शाकाहारी हाय म्हण की."

"शाकाहारीच!" मी म्हणालो. (माशाचं मत कोणी विचारलं नाही.)

मग निवड सुरू झाली. पुस्तकात लिहिलं होतं की सामान माशाच्या अंदाजाने निवडावं. आमच्या घरात मासा कोणीच पाहिला नव्हता, म्हणून सगळ्यांनी बैलाचा अंदाज धरला. अण्णा मोटेचा नाडा घेऊन आला. "हे घे. भरली मोट वडतंय हे, मासा काय चीज हाय!" नाडा मी बाजूला ठेवला, दोरी साहेबांच्या काठीला होतीच. पोळ्याला बैलांच्या कपाळावर बांधायची पितळी पानं होती, त्यातलं एक आम्ही चमच्यासाठी घेतलं. ते ठोकून जरासं वाकवलं, राखेने घासलं. चकाकलं!

पण पानाबरोबर दोरीही पिळत जाते, म्हणून मध्ये एक गरगर फिरणारी कडी लागते, असं पुस्तक सांगत होतं. "आपल्यापशी हाय की," म्हणत अण्णाने म्हशीच्या साखळीची फिरती कडी उपसली. ती पानाला जोडून नुसतीच विहिरीत टाकून पाहिली. 'धबाक' असा आवाज झाला, पारवे उडाले, आणि चमचा तळाला गेला. अण्णाला बुडी मारून तो काढावा लागला.

"ह्यानं मासा गावायचा न्हाई, पण ठार व्हायचा," वर येऊन अण्णा म्हणाला.

शेवटी मी घड्याळाच्या साखळीकडे पाहिलं. तिच्या टोकाला एक इवलीशी फिरती कडी होती. सत्काराची कडी! डोळे मिटून मी ती तोडली. मरळीला दात असतात म्हणून पुढे पितळी तार जोडली. राहिला गळ. तो अण्णा बिदरहून घेऊन आला.

"दुकानदारानं इचारलं, माळकऱ्याच्या घरात गळ कामून? म्या म्हणलं, बी.ए. झालंय आमच्यात."

गळ सुंदर होता. टोक सुईसारखं, आणि टोकाच्या आतल्या बाजूला एक उलटा दात. हा दात माशाच्या जबड्यात अडकतो, म्हणून मासा सुटत नाही. सगळं नीट बांधून मी तो चमचा कोनाड्यात ठेवला, आणि तिथेच चुकलो. चार माणसांच्या घरात कोनाडा सगळ्यांचा असतो.

शुक्रवारी साहेब टांग्यातून उतरले. आमचं सगळं घर काठावर हजर होतं, माझ्या नोकरीसाठी. साहेबांनी चमचा तळहातावर घेतला, फुंकर घातली, कडी फिरवून पाहिली. "वाह, मियाँ! विलायती झक मारती!" माझ्या कानातून वाफा निघाल्या, आनंदाच्या की भीतीच्या ते अजून ठरलेलं नाही.

पहिलीच फेक. पान पाण्यात लखलखलं, आणि काठी कमानीसारखी वाकली! "लगी! लगी!" साहेब ओरडले. मरळ पाण्याबाहेर उसळली, डोकं झाडलं, आणि चमचा एकटाच परत आला.

"होता है," साहेब म्हणाले.

दुसरी मरळ लागली. उसळली, डोकं झाडलं, गेली. मागे अप्पा डोळे मिटून पुटपुटत होते, "इठ्ठला, सोडीव रे!" आणि अण्णा त्यांच्या कानाशी ओरडत होता, "धरा साहेब, धरा!" एकाच घरातून देवाकडे दोन विरुद्ध अर्ज गेले होते.

तिसरी मरळ माझ्या मांडीएवढी होती. साहेब गुडघाभर पाण्यात गेले, बूट चिखलात रुतले, टोपी तरंगायला लागली. मरळ उसळली... आणि गेली.

साहेबांनी चमचा ओढून घेतला आणि गळावरून बोट फिरवलं. ते बोट उलट्या दातापाशी थांबायला हवं होतं. थांबलं नाही.

मी घरच्यांना काठावरच्या बाभळीमागे ओढलं. "दात कुठं गेला?"

अप्पा खाली पाहू लागले. "काल दगडावर घासून टोक बोथट केलं बाबा. आपल्या हातानं जीव जाया नको."

"तरीच!" अण्णा म्हणाला. "सकाळी बघितलं तर बोथट! म्या कानशीनं पुन्ना धार लावली. मासा गावल्याबिगर तुला नोकरी कोण देतंय?"

"आणि दात?"

आई शांतपणे म्हणाली, "त्यो म्या घासला. अंगणातल्या दगडावर. धार कामून काढायलाव, एक दात काढला की माशाला सुटाया येतंय."

म्हणजे गळाला टोक होतं, ते अण्णाच्या कृपेने. मासे अडकत होते. आणि दात नव्हता, आईच्या कृपेने. मासे सुटत होते. घराने माझी नोकरी इतक्या मायेने बुडवली होती की रागावायलाही जागा नव्हती.

"मियाँ!" साहेब गरजले. "इसका दाँत तुम लोगाँ निकाले?"

मी तोंड उघडण्याआधीच पुढे होऊन अप्पा म्हणाले, "जी हुजूर!"

मी डोळे मिटले. कमठाण्याची शाळा, तिचं कौलारू छप्पर, घंटा, सगळं तळ्यात बुडताना मला दिसलं.

"मछली को बराबर का मौका देने के वास्ते?"

"जी हुजूर!"

साहेबांनी काठी खाली ठेवली. भिजलेली मिशी पुसली, आणि अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. "उम्र गुजर गई शिकार में, मगर ऐसी शराफत नहीं देखी. और मछली देखे? वो तीसरी? इत्ती बडी थी!" त्यांनी दोन्ही हात पसरले. टांग्यात बसताना हात आणखी पसरले होते. बिदरला पोचेपर्यंत ती मरळ टांग्याएवढी झाली असावी. पकडून घरी नेली असती, तर बिचारी चार-पाच शेरांतच राहिली असती!

नेमणूक झाली. आईने गावभर साखर वाटली. कोणी विचारलं की म्हणायची, "तीन मासे सुटले, आणि पोरगं गावलं."

साहेबांनी खात्यात माझं कौतुक केलं ते कायम याच शब्दांत, "शरीफ शिकारी है." दर शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातल्या सुट्टीच्या दिवशी, मला तळ्याकाठी बोलावणं येई, आणि आयुष्यात एकही मासा न पकडलेला मी चार अंमलदारांना चमचा कसा ओढायचा ते शिकवी. शाळेत मी काय शिकवतो ते मात्र त्यांच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण माझी शिफारस केली ती तीन मरळींनी. आणि तिघींपैकी एकीनेही माझी पदवी पाहिलेली नव्हती!