आतल्या खोलीची पसंती

"हलू नका अक्का. श्वास मात्र घ्या की!" फोटो काढताना आमचे फोटोवाले प्रत्येकाला असंच बजावायचे. लहान पोर असो, नाहीतर माझ्यासारखी म्हातारी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ आणि मागच्या खोलीत घर. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे, ते मुलीकडं अकलूजला गेले. तुमच्याही गल्लीत असा एक फोटोवाला असेलच, आठवून बघा.

पण खरी नजर त्यांच्या बायकोची. घरात कन्नड बोलणारी माणसं ती. ती "हं" म्हणाली की फोटो छापायचा. "ब्याड" म्हणाली, म्हणजे नको म्हणाली, की गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पुन्हा खुर्चीत.

मग तिला लकवा झाला. बोलणं एकेका शब्दावर आलं, आणि ती मागच्या खोलीत खाटेला खिळली.

ते कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आत न्यायचे, तिच्या उशाशी ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटो दाखवायचे. तोवर गिऱ्हाईक उठून चपला घालायचं. एकदा ती "ब्याड" म्हणाली, तर बाहेर खुर्ची रिकामी. तेव्हापासून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. फोटो बघेचना. जेवणही निम्म्यावर आलं.

"तिला कळलं की हो अक्का, मी नुसतं मन राखायला इचारतोय," ते मला म्हणाले.

मग त्यांनी हट्टच धरला. माणूस खुर्चीत असतानाच फोटो आतल्या पडद्यावर दिसायला पाहिजे. कॅमेऱ्यात वायफाय होतं. पण त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं, आणि कॅमेरा कंपनीचा प्रोग्रॅम त्यावर चालेना. नेटवर शोधून त्यांनी दुसरा बसवला. तर एक फोटो जायचा आणि जोडणी तुटायची. चष्मा कपाळावर सारून पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी मी डबा द्यायला गेले होते. "बसा अक्का, तुमच्यावरच बघू." पहिला फोटो आत उमटला. दुसरा गेलाच नाही.

"ह्या लिनक्सला माझाच कॅमेरा गावला छळायला!"

"हात," आतून आवाज आला. भिंतीकडचं तोंड वळवून ती उघड्या दारातून त्यांच्याकडं बघत होती. "हात," पुन्हा म्हणाली.

त्यांनी खाली बघितलं. बोट कॅमेऱ्याच्या बटणावर. लांब मंद्रूप गावापर्यंतच्या लग्नांत दिवसभर बॅटरी पुरवायची, म्हणून दर फोटोमागं कॅमेरा बंद करायची जुनी सवय. कॅमेरा बंद झाला की वायफायही बंद!

"अगं, मग आधी सांगायचं की!"

"इचारलं?"

मला हसू आवरेना. त्यांनी कॅमेरा चालूच ठेवून पुन्हा फोटो काढला.

"ब्याड. मान."

मी मान सरळ केली. परत क्लिक. आम्ही दोघंही आतल्या दाराकडं बघायला लागलो.

"हं."

ते तोंड फिरवून उगाचच माझ्या पाठीमागचा कापडी पडदा नीट करत राहिले.

त्यानंतर गल्लीतल्या कित्येकांनी आतले हुकूम झेलले. एका नवरदेवाला तर तिनं दाढी करायला परत पाठवला. ती पुन्हा चार घास नीट खायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

काही दिवसांनी मला पासबुकासाठी फोटो हवा होता. त्यांनी फोटो काढला आणि आतल्या दाराकडं बघत थांबले. मग स्वतःच आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

बाहेर येऊन त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला. "ब्याड म्हणती ती. पदर सारखा करा."

पदर सारखाच होता. मी तो पुन्हा सारखा केला.