फादरांसोबत निघालेली पंचफुला

अमडापूरच्या आठवडी बाजारात पंचफुलाबाई शिंगारे वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन बसतात. रविवारी मात्र त्या गावाबाहेरच्या लहानशा कॅथलिक चर्चमध्ये असतात. आधी मुलांना प्रार्थना शिकवायच्या, मग पहिल्या बाकावर बसून मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकायची. त्यांची मुलगी अपेक्षा मात्र शेवटच्या बाकावर बसायची.

अपेक्षाचं पहिलं लग्न याच चर्चमध्ये झालं होतं. नवरा वर्षाच्या आतच दुसऱ्या बाईकडे निघून गेला. कोर्टातून घटस्फोट मिळाला आणि पुढे तिनं शेखरशी नोंदणी लग्न केलं. शेखर मायाळू माणूस, संसार चांगला चालला. पण चर्चच्या शिकवणीप्रमाणे पहिलं लग्न अजून कायमच होतं, आणि ते असताना दुसरं लग्न करणाऱ्याला प्रसाद मिळत नाही. त्यामुळे मिस्सेत सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत, तेव्हा अपेक्षा मान खाली घालून बसून राही.

मग फादर जॉकिम तुस्कानो आले. वसईकडचे, तरुण, मनानं मोकळे. अपेक्षाची हकिकत ऐकून ते कळवळले. एका रविवारी प्रवचनात त्यांनी सांगून टाकलं, "चर्चची ही शिकवण मला मान्य नाही. अशा बायकांना मी प्रसाद देणार." चिखलीच्या एका कार्यक्रमात पत्रकारासमोरही तेच बोलले. तो व्हिडिओ गावोगावच्या मोबाईलवर फिरला.

पुढच्या रविवारी प्रसाद वाटताना फादरांची नजर शेवटच्या बाकाकडे गेली. अपेक्षा जागची हलली नाही.

घरी आल्यावर पंचफुलाबाईंनी विचारलं, "काऊन नाई गेली व? फादर वाट पाहून राह्यले होते."

"माय, हे फादर उद्या बदलून गेले त? नवे फादर म्हनतीन, मांगं बस. एकडाव जुन्या फादरनं रांगेतून मांगं धाडलं मले, तेवढं पुरे झालं."

त्या दिवशी पंचफुलाबाईंना जेवण गेलं नाही.

थोड्याच दिवसांत बिशपांचं बोलावणं आलं. फादरांनी येऊन खुलासा करावा. गावातली पोरं चिडली. बिशपांच्या दारात घोषणा द्यायला बॅनर तयार झाला, जीप ठरली. फादर तर जायलाच तयार नव्हते.

"मी काय चोरी केली? जे खरं वाटलं ते बोललो. खुलासा कशाचा द्यायचा?"

पंचफुलाबाई फादरांच्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "खरं वाटते त थेच तिथं जाऊन सांगा ना, फादर. एका पोराची फादर व्हाची दीक्षा मी पाह्यली हाय. बिशप साहेबाच्या हातात हात देऊन त्यानं आज्ञा पाळाचं वचन देलं व्हतं. तुमी बी देलं असन."

फादर ओट्याच्या कडेला टेकले.

"आमी लग्नाचं वचन मोडलं त तुमी आमाले जाब विचारता. मंग तुमाले कोनी विचारलं त राग काऊन? पोराईले नका नेऊ. मी चलते तुमच्या संगं."

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं बिशपांकडे निघाले. वाटेत पंचफुलाबाईंनी बांधून आणलेली भाकर आणि ठेचा दोघांनी खाल्ला.

बिशप वयस्कर होते. त्यांनी फादरांचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हाला वेगळं वाटू शकतं. ते मला सांगा, लिहून द्या, माझ्याशी भांडा. पण वेदीवरून बोललात तेव्हा लोकांनी ते चर्चचं बोलणं समजायचं की तुमचं?"

बिशपांनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

"आणि यांच्या मुलीचं पहिलं लग्न मुळात वैध होतं का, याची चौकशी आपल्या धर्म-न्यायालयाकडे मागितलीत?"

"नाही," फादर हळूच म्हणाले.

पंचफुलाबाई चमकल्या. "अशी चौकशी होते? मंग मांगली काऊन नाई, फादर?"

"कागद, साक्षीदार, तारखा... मला ते किचकट वाटलं. भाषण करणं सोपं होतं, मावशी. माझं चुकलं."

पंचफुलाबाईंचे डोळे भरून आले. पण त्या बिशपांकडे वळल्या. "साहेब, याईच्या आधी जे फादर आले, थ्याईनं बी कधी सांगतलं नाई. थ्याईले कोनं विचारलं?"

बिशप म्हणाले, "कुणी नाही. मी विचारायला हवं होतं."

त्यानंतरच्या रविवारी फादर वेदीसमोर उभे राहिले. चर्चची शिकवण काय आणि आपलं मत काय, हे त्यांनी वेगवेगळं करून सांगितलं. "माझं मत बदललेलं नाही. ते मी बिशपांना लिहून दिलंय. पण तुमच्यासमोर चर्चच्या नावानं माझं मत रेटलं, त्याबद्दल माफी मागतो." पोरांना ते आवडलं नाही. काही जण उठून गेले, आणि त्यातले दोघंतिघं पुष्कळ दिवस फिरकलेच नाहीत.

फादर मात्र कामाला लागले. मोटारसायकलवर ते दुसरबीडला गेले आणि अपेक्षाच्या पहिल्या नवऱ्याचे मामा उत्तमराव यांना भेटले. मामा आधी दार उघडेनात. तिसऱ्या खेपेला त्यांनी आत घेतलं आणि बोलले. पोराला लग्न नकोच होतं, घरच्यांनी मारून-धमकावून उभं केलं होतं. तीच साक्ष त्यांनी पुढे धर्म-न्यायालयातही दिली.

निकाल यायला पुष्कळ महिने लागले. जबरदस्तीनं लावलेलं पहिलं लग्न मुळात वैधच नव्हतं, असा निर्णय आला. कापणीनंतर अपेक्षा आणि शेखर यांचं लग्न चर्चमध्ये लागलं. त्या मिस्सेत प्रसादासाठी उठताना शेखरनं अपेक्षाचा हात धरला.

"आता मले कोनी मांगं नाई बसवू शकत," रात्री ती आईला म्हणाली.

फादर आणि बिशप यांचा वाद अजून मिटलेला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फादर जाऊन येतात, आणि परतल्यावर कधी हसत असतात तर कधी घुश्शात असतात. गेल्या आठवड्यात नांदुऱ्याची एक बाई अपेक्षाची हकिकत ऐकून बाजारात पंचफुलाबाईंचं दुकान शोधत आली. तिलाही नवऱ्यानं टाकलेलं. तिच्या गावचे फादर तिला चौकशीबद्दल काहीच सांगत नव्हते.

पंचफुलाबाईंनी तिला गोणपाटावर बसायला जागा केली. "तुह्या गावच्या फादरले विचारू आपन," त्या म्हणाल्या. "मी येते ना तुह्या संगं."