भिवाजीचे रोडगे

मनमाडला गाडी बदलताना माझी छत्री नगरच्या गाडीतच राहिली, आणि प्रवासवर्णन लिहिण्याचा थोडाफार अधिकार आपल्याला मिळाला असे मला त्या क्षणी वाटले. मी वाचलेल्या बहुतेक प्रवाशांचे काही ना काही हरवत आले आहे. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासण्यात गेले. स्वतः लिहावयास बसण्याची वेळ पेन्शन घेतल्यानंतर आली. तेव्हा चुका आढळल्यास वाचकांनी तांबड्या शाईने खुशाल खुणा कराव्यात. मला त्यांची सवय आहे, मात्र दुसऱ्या बाजूने.

वऱ्हाडात जाण्याचे कारण आनंदराव. हा माझा जुना विद्यार्थी बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या पुढे पैनगंगेच्या काठी, एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. कित्येक वर्षे तो बोलावीत होता आणि मी सबबी सांगत होतो. गावाचे नाव मी देत नाही. तेथील माणसे मजसारखीच संकोची आहेत.

मलकापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा नुकते उजाडले होते. कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या होत्या, आणि बैलांच्या शिंगांवरही कापसाचे पुंजके अडकले होते. त्या पांढऱ्या धुक्यातून मार्ग काढीत आमची सर्व्हिस मोटार बुलढाण्याकडे निघाली. काळी जमीन मी नगरकडेही पाहिली आहे, परंतु येथील काळेपणाला तुकतुकी आहे. ज्वारीची कणसे माणसाच्या डोक्यावर डोलत होती.

शेजारी एक वयस्क शेतकरी मिरच्यांचे पोते मांडीवर घेऊन बसले होते. काही वेळ मला न्याहाळून त्यांनी विचारले, "गुरुजी, तुमी कोनाचे?"

"मी नगरचा. शाळेत शिक्षक होतो."

"ते काम झालं. मी मानूस इचारला."

"मी ख्रिस्ती आहे."

"हाव, पन त्याच्या आंधी?" (त्याच्या आधी?)

मी बाहेर पाहू लागलो. या प्रश्नाला माझ्या आजोबांच्या काळापासून आमच्या घरात एक ठराविक उत्तर आहे. ते मला पाठ आहे, आणि तरीही दरवेळी ते घशात अडकते. म्हाताऱ्यांना माझी अडचण दिसली असावी. "राहू द्या बाप्पा," ते म्हणाले, "कोनाचे ना कोनाचे तं असानच." आणि त्यांनी पोते जरासे पलीकडे सरकवून मला ऐसपैस जागा करून दिली.

राजूरच्या घाटात मोटार उकळली. ड्रायव्हर खाली उतरून तिच्याकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू तिनेच त्याला फसवले होते. "काऊन बे, इले बी तहान लागली काय?" मिरचीवाले म्हणाले, आणि आपला लोटा घेऊन सर्वांच्या आधी ओढ्याकडे उतरले. कोणी न सांगता उतारूंची रांग लागली. लोटे, तांबे, एक किटली, हातोहात पाणी वर आले. मलाही एक तांब्या देण्यात आला. त्या रांगेत कोणाचा तांब्या कोणाच्या हातात गेला हे विचारण्यास कोणालाच सवड नव्हती. घाटमाथ्यावर गार वारा लागला, आणि मागे वळून पाहिले तर मलकापूरकडील सारे मैदान उन्हात पसरलेले दिसले. इतके मोठे दृश्य मी नकाशाबाहेर प्रथमच पाहत होतो.

बुलढाणा हे टुमदार, हवेशीर ठाणे आहे. कचेरीवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' अशी पाटी वाचून आपण मुंबई इलाख्याबाहेर आल्याची जाणीव झाली आणि, खरे सांगतो, थोडे घर आठवले. चिखलीस चहा घेतला. मेहकरला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. गाव उंचवट्यावर वसलेले, खाली पैनगंगा, आणि बालाजीच्या देवळातील घंटेचा आवाज नदीपर्यंत उतरत होता. आनंदराव मोटारीपाशी उभाच होता. त्याच्या कानशिलावरील पांढरे केस पाहून मला उगीच अपराध्यासारखे वाटले.

पुढील प्रवास दमणीतून (लहान, हलक्या बैलगाडीतून) झाला. दमणी हाकणारे गृहस्थ आमच्याच मंडळीतील, भिवाजी नावाचे. उंच, सडपातळ, कपाळावर एक जुना व्रण. बैलांशी ते सबंध वाटभर बोलत होते आणि मजशी अधूनमधून.

"याच दमनीत दिवाळीले लेकीले आनली," ते म्हणाले. "रखमा नाव. लेकरू झालं तिले. सासरचे म्हनत, येईन तं लुगडंचोळी, फराळ, काही घेऊन येईन, रिकाम्या हातानं कशी धाडाव. म्या म्हनलं, काही आनू नोको. फकस्त बस गाडीत."

"मग रिकाम्या हातांनी आली?"

"लेकरू होतं ना हातात," भिवाजी म्हणाले, आणि बैलांना त्यांनी उगीचच हटकले.

गावात शिरल्यावर त्यांनी स्वतः माझ्या पायांवर पाणी घातले. नगरकडे ही रीत आम्ही जवळजवळ विसरलो आहोत. मला फार लाज वाटली आणि फार बरेही वाटले. बैल सोडताना ते हळूच म्हणाले, "तुमी आले गुरुजी. आता माहं काम होते."

तो आदरातिथ्याचा एक प्रकार समजून मी हसलो. त्याचा अर्थ आनंदरावाच्या घरी, ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा यांच्यासमवेत मला समजला.

भिवाजींनी तरुणपणी ख्रिस्ती दीक्षा घेतली होती. रखमेच्या लग्नाच्या वेळी जातीच्या लोकांनी अडवले: बाप जातीबाहेर असेल तर सोयरीक नाही. भिवाजी परत जातीत गेले. तेथील रीत अशी की, बाहेर पडलेल्याने जातगंगेला (जमलेल्या सर्व जातभाईंना) जेवण द्यावयाचे. बाहेरगावाहून आलेल्या पंचाने त्याच्या ताटातील पहिला घास घ्यावयाचा. तो घास गिळला गेला की माणूस आत आला. लेकीचे लग्न झाले. पण भिवाजींचे मन तेथे रमेना, आणि एके दिवशी ते आनंदरावाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मी त्यांना मिठी मारली," आनंदराव म्हणाला. "देवाने केव्हाच क्षमा केली, म्हणून सांगितले. उपासनेला येतात, गाणी सर्वांत मोठ्याने म्हणतात. पण प्रभुभोजनाची (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर वाटून घेण्याची) वेळ आली की उठतात, उंबऱ्याबाहेर जातात आणि सगळ्यांच्या वहाणा राखीत बसतात. म्हणतात, मी अजून जेवण कोठे दिले? दरवर्षी गहू राखून ठेवतात. एक वर्ष गारपीट, एक वर्ष उंदीर. यंदा गहू आहे."

"आणि पंच?" मी विचारले, पण विचारतानाच माझा घास हातात थांबला.

"बाहेरगावचा मोठा माणूस म्हणून त्यांनी तुम्हांला धरले आहे, गुरुजी. उद्या ते रोडगे करणार."

मी म्हणालो की, मी पंच नाही, पाळकही नाही, आमच्या मंडळीत मी शेवटच्या बाकावर बसतो. आनंदराव म्हणाला, ते त्याला ठाऊक आहे. "तुम्ही घास घेतलात तर ते आत येतील, पण गव्हाच्या जोरावर आलो असे जन्मभर समजतील. नाही घेतलात, तर देवानेच नाकारले असे समजून पुन्हा या दारात यायचे नाहीत. मी किती वर्षे सांगतो आहे! मान डोलावतात आणि वहाणांपाशी जाऊन बसतात."

"मग मी काय करू?"

"मी काय सांगणार? तुम्ही माझे गुरुजी."

विद्यार्थ्याने इतक्या अडचणीत कधी आणले नव्हते.

रविवारची सकाळ अतिशय निर्मळ होती. प्रार्थनामंदिर म्हणजे मातीच्या भिंतींची, शेणाने सारवलेली एक लांबट खोली, तिच्यासमोर कडुलिंब. त्याच्या सावलीपलीकडे भिवाजींनी गोवऱ्यांचा हार (निखाऱ्यांसाठी रचलेला ढीग) पेटविला होता. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे, आत तेलाच्या घड्या घातलेले गोळे. ते निखाऱ्यांत पुरून भाजतात. रखमा मूल मांडीवर घेऊन वांगी चिरीत होती. भिवाजी लांब काठीने एकेक गोळा वळवीत होते, आणि ते काम इतक्या मायेने चालले होते की माझ्या मनात दुसरे काही नसते तर मी तेथेच दिवसभर पाहत बसलो असतो.

मंडळी जमली. दारापाशी वहाणांची रांग लागली. आत जाण्याच्या वेळी भिवाजी पितळेची थाळी घेऊन आले. तीत एक रोडगा फोडून, वर तूप सोडलेला. त्यांनी ती उंबऱ्यावर माझ्यासमोर ठेवली आणि डोक्यावरील पागोटे काढून हातात घेतले.

"घास घ्या, गुरुजी. तुमी घेतला का मी आत."

सर्वजण माझ्याकडे पाहत होते. आदल्या रात्री मी मनाशी एक चांगले भाषण रचले होते. त्याला प्रस्तावना होती, तीन मुद्दे होते. त्यातील पहिला शब्दही आठवेना. मी थाळीकडे पाहत उभा राहिलो. तूप थिजू लागले.

"बाबा," मागून रखमा म्हणाली. तिच्या हातात अजून अर्धे चिरलेले वांगे होते. "दिवाळीले मले आनली, तवा म्या काय आनलं होतं?"

"तू लेक हायेस बाई. तुहं येगळं."

"काऊन येगळं? माही सासू फराळ भरून देत होती. तुमीच डबा गाडीतून खाली ठेवला. म्हने, माह्या घरी येते तं माह्या घरचं खाईन. मंग इथलं घर कोनाचं हाये? तुमचं का त्याचं?"

रखमेने मान खाली घातली. इतक्या माणसांत आपण बोललो याची तिला एकदम लाज वाटली असावी. ती लाज मी ओळखतो. आणि तिच्यामुळेच मला वाचा फुटली.

"भिवाजी," मी म्हणालो, "हा घास मी घेईन. पण मागून. आधी आत चला. आत ज्याने पान मांडले आहे त्याने तुमच्याकडून गहू मागितलेला नाही. त्याचे जेवण आधी. मग तुमच्या पंगतीला आम्ही सारे बसू."

"अन् हे रोडगे?"

"निखाऱ्यांत राहू द्या."

"करपतीन, गुरुजी."

"करपू द्या."

भिवाजींनी हाराकडे पाहिले. कित्येक वर्षे वाट पाहून हाती आलेला गहू होता तो. काठी त्यांच्या हाताशीच होती. दोन पावले गेले असते तर सारे रोडगे बाहेर काढता आले असते. मग त्यांनी उंबऱ्याकडे पाहिले, तेथील वहाणांकडे पाहिले.

"वहाना कोन पाह्यल?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही," आतून आनंदराव म्हणाला. "या."

ते आले. दारालगत भिंतीशी बसले, पाहुण्यासारखे अंग चोरून. आनंदराव भाकर घेऊन फिरत त्यांच्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यांनी हात मागे घेतले. हात राखेचे होते. "धुवून येतो," ते पुटपुटले. आनंदराव तसाच उभा राहिला. त्याने भाकर पुढे धरून ठेवली. मी शेजारीच होतो म्हणून पाहिले: भिवाजींनी आधी एक हात पुढे केला, मग दुसरा, आणि राखेच्या ओंजळीत तो तुकडा घेतला. ते रडले नाहीत. फार दिवसांनी पोटभर पाणी मिळालेल्या माणसासारखा त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि पुढचे गाणे नेहमीप्रमाणे सर्वांच्या वरच्या सुरात म्हटले.

बाहेर आलो तो सर्वत्र करपल्याचा वास. आणि माझा उजवा बूट नाही. वहाणा न राखल्याचा लाभ गावातील एका पिवळ्या कुत्र्याने घेतला होता. "आजच नेमका तुमी उठले, भिवाजी," कोणीतरी म्हणाले, आणि सारी मंडळी हसली. भिवाजी सर्वांत अधिक.

रोडग्यांचे वरचे काळे कवच ठोकून काढावे लागले. आतील गाभा मात्र पांढरा, वाफाळता होता. वरण आणि वांग्याची भाजी अशी की नगरास परत आल्यापासून मी तिचे वर्णन करून घरच्यांना कंटाळा आणला आहे. वाढावयास भिवाजीच उठले. पहिला घास मी घेतला, परंतु तोपर्यंत पंगतीतील दोन पोरे अर्धा रोडगा खाऊन चुकली होती आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नाही.

मंगळवारी भिवाजींनी मला मेहकरास सोडले. माझ्या पायांत त्यांच्याच वहाणा होत्या. त्या मी परत करू लागलो तर ते ऐकेनात. मी विचारले, "पुढील वर्षी गहू राखून ठेवणार का?"

"पेरीन तं," ते म्हणाले. "पन आता रोडगे करीन ते पाव्हने आले म्हनून. नाई तं भूक लागली म्हनून."

ते बैलांशी बोलत दमणी वळवून निघून गेले. मी मोटारीत बसलो आणि घाट उतरेपर्यंत विचार करीत राहिलो. कधीही न चुकलेली उपासना, पाठ केलेली वचने, शेवटच्या बाकावरील नम्रता, हे सारे मीही थाळीत घालून उंबऱ्यावर धरून उभा होतो काय? कोणीतरी घास घ्यावा म्हणून? आणि आत पान केव्हाचे मांडलेले?

मलकापूरहून गाडीत गर्दी होती. समोरच्या बाकावरील एक गृहस्थ माझ्या अंगावरचा कोट आणि पायांतील गावठी वहाणा यांचा मेळ बसविण्याचा बराच वेळ प्रयत्न करीत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, तुमी कोनाचे हो?"

"ज्याने जेवायला बोलावले, त्याचा," मी म्हणालो.

"म्हंजे लगनाले आलते."

"तसेच म्हणा." मी फडक्याची गाठ सोडली. रखमेने वाटेसाठी बांधून दिलेला रोडगा त्यात होता, एका अंगाने पुरता काळा. तो फोडून अर्धा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी क्षणभर रोडग्याकडे पाहिले, क्षणभर माझ्याकडे. मग हात पुढे केला.

"करपला हाये," खाता खाता ते म्हणाले. "पन आतून बेस हाये."