आज काय केलंस?

बाबा रेल्वेत होते म्हणून आम्ही चेन्नईत आलो, आणि ते गेल्यावर माझ्या गणितापायी राहिलो. मामा मिरजेहून आईला न्यायला आला होता. पोरीची पीएच.डी. होऊ दे, असं सांगून तिने त्याला परत पाठवलं. विल्लिवाक्कमच्या त्या दोन खोल्यांत मराठी बोलायला तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिचं तमिळ भाजीवाल्यापाशी सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं.

संध्याकाळी मी घामेजून घरी आले की ती विचारायची, आज काय केलंस? मी म्हणायचे, काही नाही. आणि ते अक्षरशः खरं होतं हो! सकाळपासून दहा पानं लिहायची, चारच्या सुमारास तिसऱ्याच पानावर चूक सापडायची, की सगळं टोपलीत. आमच्या गणितात सिद्ध झालं नाही म्हणजे काहीच झालं नाही. मी पडले काटेकोर. न झालेलं झालं म्हणून कसं सांगू? डिपार्टमेंटमध्ये तरी कुणाला सांगणार? ज्याचा त्याचा प्रश्न वेगळा, दुसऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. डबासुद्धा मी एकटीच खायचे. फार एकटं वाटायचं, आणि त्याचा राग घरी येऊन भांड्यांवर निघायचा.

दोन वर्षांनी माझं प्रमेय सिद्ध झालं. गाईडनी तीन दिवस कागद तपासले, बरोबर आहे म्हणाले आणि कॉफी प्यायला निघून गेले. झाला सोहळा! बसमध्ये मी खुळ्यासारखी हसत होते. कधी एकदा आई विचारते आणि मी सांगते, असं झालं होतं.

आईने दार उघडलं, पाणी दिलं आणि परत टीव्हीसमोर जाऊन बसली. मी कपडे बदलून पुन्हा तिच्यापाशी येऊन उभी राहिले. तिने विचारलंच नाही. तिने शेवटचं कधी विचारलं होतं, तेही मला आठवेना. शेवटी मीच सांगितलं, दोन वर्षं रोज ज्याच्या मागे होते ते आज जमलं.

तिने टीव्ही बंद केला.

"रोज करत होतीस? मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचंच नसतं."

हे ती रागावून म्हणाली नाही. कधीचं ठरून गेलेलं सांगावं, तसं सांगितलं. मला रडू फुटलं, तर माझ्या पाठीवरून हात फिरवत तीच मला समजावू लागली.

"रडू नकोस. मला आता सवय झालीय."