दात शाबूत असावेत

माझ्या हातून मूर्खपणा आयुष्यात पुष्कळ झाला, पण वहीत लिहून, क्रमांक घालून केलेला असा एकच. तोच सांगतो. तुमचा चहा निवेपर्यंत होईल सांगून.

तेव्हा मी बेळगावात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. निपाणीकडच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. घरी आम्ही सगळे 'गेलतो, आलतो' बोलणारे. कॉलेजात पहिल्याच दिवशी 'मी काल आलतो' म्हणालो आणि पुढच्या बाकावरचे चौघे फिदीफिदी हसले. झालं! त्या दिवसापासून मी खोलीतल्या आरशासमोर उभा राहून 'आलो होतो, गेलो होतो' घोकायला लागलो. दिवाळीला घरी गेलो तर आई म्हणाली, "बरं न्हाय व्हय रं तुला? असा का बोलायलाईस?"

आणि गंमत बघा. जी भाषा मी लपवत होतो, तीच आमच्या मराठीच्या सरांना हवी होती! सर बोलीभाषांचा अभ्यास करायचे. एक दिवस वर्गात म्हणाले, "मे महिन्यात मी खेडोपाडी बोलीचे नमुने गोळा करायला जाणार आहे. एका विद्यार्थ्याला बरोबर नेईन. ज्याची वही उत्तम, तो." नियम कडक. कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहायचं, वाक्यांना क्रमांक घालायचे. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही.

मला जायचंच होतं. इतकं, की वही कोरी असतानाच मी त्या चौघांना सांगून बसलो, "सरांबरोबर मीच जाणार!"

घरी आईसमोर बसलो असतो तर अर्ध्या तासात वही भरली असती. पण संशोधन म्हटलं की परगावी जायला हवं, अंगात कोट हवा, असा माझा समज. कडोलीच्या शाळेतले गुरुजी वडिलांच्या ओळखीचे, आमच्या नात्यागोत्याची खडान्‌खडा माहिती असलेले. त्यांना मी कार्ड टाकलं. बोलीच्या नमुन्यासाठी माणूस कसं निवडावं, याच्या सरांच्या सूचनाच त्यात उतरवल्या:

'येत्या रविवारी येत आहे. एखादी स्त्री पाहून ठेवावी. शिक्षण झालेले नसल्यास उत्तम. गाव सोडून फारशी बाहेर गेलेली नसावी. आवाज स्पष्ट व दात शाबूत असावेत. तासभर बोलून पाहीन. पसंत पडल्यास पुन्हा येईन.'

आता तुम्हीच सांगा, हे कार्ड तुमच्या हातात पडलं तर तुम्ही काय समजाल? मला मात्र काडीचीही शंका आली नाही.

रविवारी उसनी सायकल हाणत कडोली गाठली. गुरुजी मला थेट आप्पांच्या घरी घेऊन गेले. आप्पा म्हणजे गावातले बऱ्यापैकी शेतकरी. सोप्यात घोंगडी अंथरलेली, तिच्यावर पटकेवाले सात-आठ जण, दाराआड बायकांची गर्दी. मी मनात म्हटलं, विद्येबद्दल केवढा हा आदर!

आप्पांनीच सुरुवात केली. "शेती कितपत हाय?"

"चार एकर तंबाखू."

"हीर?"

"आहे. उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही."

"आन् शिकून फुडं काय करनार?"

"हेच!" मी छाती काढून म्हणालो. "गावोगावी जाऊन बायकांशी बोलत हिंडणार."

पटकेवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. गुरुजींना खोकल्याची उबळ आली.

तेवढ्यात पोह्यांची बशी घेऊन आप्पांची मुलगी बाहेर आली. हौसा. अठराएक वर्षांची. माझी अपेक्षा एखाद्या म्हातारीची होती, पण हिचे दात शाबूत दिसत होते. मी वही उघडली.

"नाव सांगा."

"माझे नाव हौसाबाई. मला सर्व स्वयंपाक येतो," ती भिंतीकडं बघत म्हणाली.

वाक्य क्रमांक एक. कडोलीत इतकी शुद्ध मराठी? मी हरखलोच. हा तर नवाच शोध! चार दिवस गुरुजी तिच्याकडून हे घोकून घेत होते, ते मला कुठलं ठाऊक?

अशीच शुद्ध चाळीसएक वाक्यं वहीत उतरली. पुढं यादीत नात्यांचे शब्द होते. "नवऱ्याच्या धाकट्या भावाला काय म्हणाल?"

दाराआड खसखस पिकली.

"बरं, सासूला हाक कशी माराल?"

"आगं बया!" आतून कुणीतरी म्हणालं. "पावना लई घाईत हाय!"

यादीच्या शेवटी 'ळ' होता. जीभ टाळूला कुठं लागते ते बघायचं होतं. मी पुढं वाकलो. "जरा तोंड मोठं उघडून 'बाळ' म्हणा."

"दात मोजायलाय की गं!" एक म्हातारी आतून कडाडली. "बैल इकत घ्याय आलाय काय ह्यो?"

हौसा उठली आणि तरातरा आत गेली. आतून तिचा खणखणीत आवाज आला, तिच्या स्वतःच्या बोलीत. अहाहा! हेच तर हवं होतं! मी झरझर लिहून घेतलं. वाक्य क्रमांक त्रेचाळीस. उच्चार टिपण्यात मी असा गुंगलो, की ती काय म्हणतेय तिकडं लक्षच गेलं नाही.

आप्पा उठले. "बरं हाय. गुरुजींच्या हाती कळीवतो."

"सावकाश कळवा," मी म्हणालो. "मला अजून चार घरं बघायचीत."

वेशीपर्यंत गुरुजी सोडायला आले. सायकलवर हात ठेवून हळूच म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगंस. दुसरं स्थळ बघू."

"कसलं स्थळ?"

त्यांनी खिशातून माझं कार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. दात शाबूतपर्यंत आले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाज वाटलीच, पण त्याहून त्या मुलीचं वाईट वाटलं. मी आरशासमोर करत होतो तेच ती चार दिवस करत होती, तेही माझ्यासाठी! गुरुजींच्या हाती माफीचा निरोप दिला. परत आप्पांसमोर उभं राहायचं धाडस झालं नाही.

पान फाडायचं नव्हतं. वही तशीच दिली. सर त्रेचाळीसपर्यंत पोचणार नाहीत, एवढीच आशा.

सोमवारी सरांनी भर वर्गात वही उघडली. "पहिली बेचाळीस वाक्यं निरुपयोगी. पुस्तकी मराठीत विचारलंत, पुस्तकी उत्तरं आली. पण त्रेचाळिसावं वाक्य ऐका सगळ्यांनी." आणि खड्या आवाजात वाचलं:

"न्हाय गं आये, मला न्हाय पायजे ह्यो नवरा! त्वांड उघडलं की लिवून घेतंय. उद्या भांडान झालं तर समजूत काढायची सोडून वही काढून बसंल!"

वर्ग कोसळला. ते चौघे तर बाकावर डोकी आपटून हसत होते.

सर मात्र गंभीर. "तासाभरात माणूस ओळखला. याला म्हणतात निरीक्षण! खरं तर या मुलीलाच न्यायला हवं." मग माझ्याकडं वळले. "कुठं मिळालं हे तुम्हाला?"

मी उठलो. आरशासमोरचे सगळे महिने कुठल्या कुठं गेले.

"कडोलीला गेलतो, सर."

सरांनी टाक उचलला. "चव्वेचाळीस," असं पुटपुटत त्यांनी ते लिहून घेतलं. "मे महिन्यात तुम्ही चला. वही मी धरीन, तुम्ही नुसतं बोलायचं."

तेव्हा चौघांना सांगितल्याप्रमाणे सरांबरोबर गेलो मीच. फक्त निघण्याआधी सरांनी मला तोंड उघडायला लावलं आणि माझे दात शाबूत आहेत ना, ते पाहून घेतलं.